हिरव्या वडीचे सर

सत्काराच्या दिवशी माईक माझ्या हातात होता, ही त्या दिवसाची पहिली चूक. ती कॉलेजची. दुसरी माझी.

मराठीचे दोन धडधाकट प्राध्यापक हाताशी असताना प्राचार्यांनी सूत्रसंचालनाला मला, कॉमर्सच्या माणसाला, उभं केलं. कारण काय, तर सत्कार ज्यांचा, ते फिजिक्सचे सर माझ्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे, म्हणून "त्यांची जवळून माहिती तुम्हालाच." माझी जवळून माहिती म्हणजे सरांची बादली कुठली आणि चप्पल कुठली एवढीच होती. पण माईक हातात आला की माझं डोकं जागेवर राहत नाही. मी स्वतःच्या अकलेनं बाजारातून नालाच्या आकाराचा एक मोठा लाल लोहचुंबक आणला, त्याला सोनेरी रिबीन बांधली आणि शाल-श्रीफळानंतर तो सरांच्या हातात देऊन जाहीर केलं, "आणि आता आदरणीय सर स्वतः तयार केलेला चुंबक या लोहचुंबकाला चिकटवून दाखवतील!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना स्टेजवर लावणी करायला सांगितली होती. तरी बिचाऱ्यांनी खिशातून प्लास्टिकची डबी काढली, डबीतून बांबूच्या चिमट्यानं एक हिरवट वडी उचलली, पोटात घ्यायच्या गोळीएवढी. चुंबकाजवळ नेली आणि सोडली.

वडी खाली पडली. पडून घरंगळत प्राचार्यांच्या खुर्चीखाली गेली.

सभागृह हसलं. सर शालीसकट गुडघ्यांवर बसले आणि ओरडले, "पाय हलवू नका! तुमच्या बुटाला खिळे आहेत!" प्राचार्य दोन्ही पाय वर धरून बसले. मी माईकवर म्हणालो, "तांत्रिक अडचणीमुळे..." आणि पुढचं वाक्य सुचेना म्हणून राष्ट्रगीत सुरू केलं.

घरी परतताना मी स्कूटरवर तोंड पाडून. मागे बसलेले सर शांत. म्हणाले, "कॉमर्स, ती चिकटत नसते हो. तिचं चुंबकपण इतकं बारीक असतं की मोठ्या मशिनलाच दिसतं."

"मग सर, सत्कार कशाचा झाला?"

"मला पण तेच वाटून राहिलं," सर म्हणाले.

सर माणसाला त्याच्या विषयानं हाक मारायचे. मी कॉमर्स. प्राचार्य त्यांच्या तोंडावर 'प्राचार्यसाहेब' आणि पाठीमागे 'बॉटनी'. माझ्या बायकोला मात्र ताई. तिचा विषय कोणता, हे एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यांचा तुम्ही. अवघड पेपर आहे."

विज्ञानातलं मला जे काही कळतं ते जिन्यावर बसून सरांनी शिकवलेलं. झिंक ऑक्साईड म्हणून एक पांढरी पूड असते. घामोळ्याच्या मलमात असते तीच. ती सेमिकंडक्टर. म्हणजे वीज धड वाहू देत नाही आणि धड अडवतही नाही. "आपल्या प्राचार्यांसारखी," मी म्हणालो. सरांनी ही उपमा दुसऱ्या दिवशी वर्गात वापरली आणि बोलणी मी खाल्ली. तर या पुडीत वरणात मीठ घालावं एवढं कोबाल्ट घालायचं, खलायचं, वडी दाबायची आणि भट्टीत भाजायची. पांढरी वडी हिरवी होते. आता ती सेमिकंडक्टर तर राहिली पाहिजेच, वर चुंबकही झाली पाहिजे.

"ह्यानं काय होईल सर?"

"कॉम्प्युटरमध्ये हिशोब करणारा भाग वेगळा, सेमिकंडक्टरचा. आणि हार्ड डिस्कमध्ये लक्षात ठेवणारा वेगळा, चुंबकाचा. दोन्ही कामं एकाच वडीनं केली तर?"

"म्हणजे कॅशियर आणि क्लार्क एकच माणूस."

"शाब्बास!" सर म्हणाले. आयुष्यात फिजिक्सच्या माणसानं मला शाब्बास म्हटल्याचा हा एकच प्रसंग.

अडचण अशी, की कोबाल्टचा एकेक अणू म्हणजे एकेक छोटा चुंबक. पण प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. सगळ्यांनी एका दिशेला तोंड केलं तर वडी चुंबक. कोबाल्ट जास्त घातलं तर ते एकमेकांना धरून घोळका करतात, मग चुंबक होतो, पण ती लबाडी. "लांब लांब राहून सगळ्यांचं तोंड एकीकडे पाहिजे," सर म्हणायचे. मग थोडं थांबून, "आमच्यासारखं."

आमच्यासारखं म्हणजे ते आणि वहिनी. वहिनी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, घर लातूरला. सर नांदेडला. लग्न झाल्यापासूनचा बहुतेक संसार असा दोन गावांत. शनिवारी दुपारी सर लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. वहिनींची बदली इकडं होत नव्हती आणि सरांची भट्टी तिकडं जात नव्हती. ती भट्टी त्यांनी स्वतः विटा रचून, तारा गुंडाळून कॉलेजच्या मागच्या खोलीत बसवलेली. हलवली तर मोडणार. तिच्यासाठी ते लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ करायचे आणि दिवाळीला वायरमनच्या घरी आमच्या घरचा फराळ पोचवायचे. आमच्या घरचा, त्यांना कुठं करता येत होता?

रोज संध्याकाळी वरून आवाज यायचे. एक खुर्ची सरकायची. एक ताट मांडलं जायचं. मग फोन लागायचा आणि स्पीकरवर पडायचा. तिकडं लातूरला वहिनी जेवायला बसलेल्या, इकडं सर. बोलणं फार नसायचं.

"आज काय?"

"शेपू. तुमचं?"

"ताईंनी पिठलं दिलंय."

"मीठ बरोबर हाय का?"

"हाय."

मग बराच वेळ नुसतं चावण्याचे आणि भांड्यांचे आवाज. आमच्या जिन्यापर्यंत ऐकू यायचे. माझी बायको कंधारची. ती कुणाच्याही भानगडीत मोकळेपणानं बोलणारी. पण त्या वेळेला आमच्या घरातला टीव्ही ती स्वतः उठून बारीक करायची.

प्रयोगशाळेच्या दारावर सरांनी खडूनं लिहिलं होतं: 'लोखंड बाहेर, मग तुम्ही आत.' कारण लोखंडाचा डोळ्याला न दिसणारा कण जरी वडीला लागला, तर मशीन त्याचंच चुंबकपण दाखवणार. म्हणून किल्ल्या, पेनं, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेरच्या टोपलीत. स्वतःचा चिमटा त्यांनी बुरुडाकडून बांबूचा करून घेतलेला. एकदा माझ्या बायकोनं स्टीलच्या डब्यात थालीपीठ दिलं, तर सरांनी डबा दाराबाहेर ठेवून थालीपीठ तेवढं कागदावर आत नेलं. "माझ्या डब्याला सुतक लागलं का काय?" म्हणून ती आठवडाभर घुश्शात. मग तिनं झाकणाची प्लास्टिकची टोपली आणली. ती वापरताना सर जे खूष झाले, तेवढे सत्कारातही झाले नाहीत.

आता हा नियम नांदेडात पाळायचा म्हणजे पंचाईतच. वर्गात सरदारांची पोरं. प्रत्येकाच्या हातात कडं. पहिल्याच वर्षी एक उंचापुरा पोरगा दारात अडला. हात मागे घेऊन म्हणाला, "सर, ये नहीं उतरेगा." सर म्हणाले, "उतारना भी नहीं." त्यांनी आतून मलमलची पट्टी आणली आणि त्याच्या मनगटावर, कड्यावरून, इतक्या हलक्या हातानं गुंडाळली की बघणाऱ्याला वाटावं, पोराला लागलंय. तेव्हापासून त्या टोपलीशेजारी धुतलेल्या पांढऱ्या पट्ट्यांची एक घडी कायम असायची.

अशा माणसाच्या वडीत चुंबकपण सापडलं होतं, आणि तेही साध्या खोलीच्या तापमानाला. "बर्फात गाडून चुंबक काय कुणीपण करील," सर म्हणायचे. "नांदेडच्या मे महिन्यात टिकला तर खरा." वडी त्यांनी स्वतः हैदराबादच्या एका संस्थेत नेऊन मशिनवर मोजून घेतली होती. संगणकाच्या कागदावर कडुलिंबाच्या पानासारखी एक बारीक आकृती आली. चुंबक नसता तर नुसती रेघ आली असती. ते पान त्यांनी मला दाखवलं, बायकोला दाखवलं, फोनवर वहिनींना दाखवलं. शोधनिबंध लिहून छापायला धाडला. म्हणून तो सत्कार, ती शाल आणि माझं ते राष्ट्रगीत.

पण खरी गोष्ट पुढं होती. लातूरला एका कॉलेजात नवीन संशोधन केंद्र निघत होतं. एकच जागा. नवी भट्टी, मोठी खोली, विजेची वेगळी लाईन. त्यांच्या अध्यक्षांनी सरांना फोन करून सांगितलं, "मुलाखत म्हणजे एक रीत आहे. तुमचा हा निकाल असल्यावर दुसऱ्या कुणाकडं आम्ही बघणारच नाही." सरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. दोघांनी एका छताखाली राहायचं, तर हीच वेळ. त्यानंतर संध्याकाळच्या जेवणात वहिनींचं बोलणं वाढलं. माळ्यावरची भांडी उतरवली. पुस्तकांना फळ्या मारून घेतल्या. "तुम्हाला खिडकीजवळ बसायला आवडतं का?" असं त्यांनी एकदा विचारलं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला. माझी बायको भाकरी थापायची थांबली.

मुलाखतीच्या काही आठवडे आधीचा एक रविवार. सर त्या शनिवारी लातूरला गेले नव्हते. भट्टी चालू होती. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. सर जिना उतरून आले. एका हाताची नखं कापलेली, दुसऱ्या हाताची तशीच.

"कॉमर्स, नेलकटर कशाचं असतं हो?"

"स्टीलचं. बोथट झालं का? माझं नेता?"

सर पायरीवर बसले. मग सांगितलं. हैदराबादला मशिनमध्ये वडी घालायची ती सरबताच्या प्लास्टिकच्या नळीत घालून. खरंच, एवढं मोठं मशीन आणि आत रसवंतीतली नळी. सरांची वडी केसभराच्या फरकानं त्या नळीत जाईना. मशिनवरचा माणूस म्हणाला, आज नाही जमलं तर पुढचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. बांबूच्या चिमट्यानं वडी काही तुटेना. सरांच्या प्रवासाच्या पिशवीत वहिनींनी सगळं भरलेलं होतं: दंतमंजन, सुई-दोरा, नेलकटर. त्यांनी नेलकटरनं वडीची कड कुरतडली. अगदी जरा. नळीत बसली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! आयुष्यभर दारात उभं राहून लोखंड अडवलं आणि शेवटी मीच नेऊन लावलं."

"पण सर, एवढ्याशानं..."

"एवढंसंच तर मोजतो आपण," सर म्हणाले आणि उरलेली नखं न कापताच वर गेले.

त्यांनी नुसतं मनात कुढत बसण्याऐवजी जे केलं ते मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं. कोबाल्ट अजिबात नसलेली, साधी पांढरी वडी केली. ती काही केल्या चुंबक होऊच शकत नाही. तिची कड त्याच नेलकटरनं कुरतडली. दुसरी एक हिरवी वडी मुद्दाम लहान दाबली, म्हणजे कुरतडायला नको. दोन्ही घेऊन परत हैदराबाद.

आल्यावर जिन्याखालीच थांबले. हातात पिशवी तशीच.

"हिरवीत नुसती रेघ," म्हणाले. "आणि पांढरीत पान आलं."

घरी हे कळलेला मी एकटाच. छापायला गेलेला निबंध त्यांनी त्याच दिवशी परत मागवला. सत्काराची शाल घेऊन ते प्राचार्यांकडं गेले, तर प्राचार्य म्हणाले, "शाल परत घ्यायची पद्धत नाही. थंडीत वापरा." उरली मुलाखत. मी व्यवहारी माणूस. मी म्हणालो, "सर, आधी ऑर्डर हातात पडू द्या. लातूरला जा, नव्या भट्टीत खरा चुंबक करा आणि मग सांगा ना, की आधीचा चुकला होता. खोटं कुठं बोलायचंय? थोडं उशिरा खरं बोलायचंय."

सर हसले. "कॉमर्समध्ये ह्याला काय म्हणतात?"

"समायोजन."

"बघतो," म्हणाले. आणि 'बघतो' हे ते मनापासून म्हणाले, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांच्या मनात आलंच नसेल असं नाही. संध्याकाळी जेवताना वहिनी सांगत होत्या, खिडकीजवळ टेबल बसतंय, आणि सर नुसते "हाव, हाव" म्हणत होते. त्यांनी फोनवर काही सांगितलं नाही.

मुलाखतीला मी त्यांना माझ्या गाडीनं नेलं. गाडीचा एसी बंद, त्यामुळे खिडक्या उघड्या, आणि चाकूरपर्यंत दोघांच्याही केसांत धूळ. सर आत गेले. मी बाहेर गुलमोहराखाली उभा. आत काय झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. अध्यक्षांनी उठून हात मिळवला आणि समितीतल्या बाकीच्यांना म्हणाले, "हेच ते. ह्यांच्या चुंबकानं आपल्या केंद्राचं नाव होणार आहे." प्रश्न कुणी विचारायच्या आत सर म्हणाले, "तो चुंबक नव्हता. माझ्या नेलकटरचं लोखंड होतं."

समितीतला एक जण हसला. त्याला विनोद वाटला. मग सरांनी पांढऱ्या वडीचं सांगितलं. कुणी रागावलं नाही. चहा आला. अध्यक्ष म्हणाले, "आज तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

"दारापर्यंत आले तेव्हाच कळलं," सर मला म्हणाले. "घ्यायचं असलं की माणसं बसून राहतात."

तिथून आम्ही वहिनींकडं गेलो. मी येत नाही म्हणालो, पण सरांनी माझी बाही धरली. वहिनींनी दार उघडलं. ठेवणीतली साडी. आत खिडकीजवळ टेबल आणि टेबलाशी नवी खुर्ची; तिच्या पाठीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. भिंतीला रिकाम्या फळ्या, नुकतं पॉलिश मारल्याचा वास.

"कसं झालं?"

सरांनी उभ्यानंच सांगितलं. नेलकटरपासून. मध्ये काही गाळलं नाही, लांबवलं नाही. वहिनी ऐकत होत्या. पदराचं टोक त्यांनी हातात घेतलं होतं, ते सगळं सांगून होईपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं, आता त्या रडतील. नाहीतर भांडतील. मी छताच्या पंख्याकडं बघायला लागलो.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत निघाल तर बरं. अहमदपूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू हाय म्हणे."

पुरण केलं होतं. त्यांनी वाढलं. मला आग्रह केला, सरांनाही केला. स्वतः आमच्यासोबत बसल्या, आणि मला एकदम जाणवलं, की ही दोघं समोरासमोर जेवताना मी कधी पाहिलेली नव्हती. बोलणं तेवढंच होतं. नुसते भांड्यांचे आवाज. फोनवर असायचे तेच.

निघताना त्यांनी सरांच्या पिशवीत काहीतरी भरलं, कपडे नीट लावले, चेन ओढली. "पोचलात की कळवा," म्हणाल्या.

परतीला अहमदपूरला चहाला थांबलो. बशीत चहा ओतून ते त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी वडी पहिल्यापासून लहानच करतो. आणि कोबाल्टऐवजी मँगनीज बघावं म्हणतो."

मी "हो सर" म्हणालो. 

निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते आमच्या वरच्या मजल्यावरच राहिले. वड्या करत राहिले. पान परत कधी आलं नाही.

पण त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको लसूण सोलत बसली होती. मी शर्टही न काढता तिला सगळं सांगितलं. समिती, चहा, दारापर्यंत आलेले अध्यक्ष. सरांबद्दल तर सांगितलंच. पण मला जास्त सांगायचं होतं ते वहिनींबद्दल. "एवढी तयारी केलेली," मी म्हणालो, "आणि त्या बाईनं एक शब्द काढला नाही गं. ना चिडल्या, ना रडल्या. जेवून घ्या म्हणाल्या. केवढा समजूतदारपणा!"

वर एक खुर्ची सरकली. बायकोनं हातातली पाकळी खाली ठेवली.

"समजूतदारपणा कशाचा घेऊन बसलात?" ती म्हणाली. "दमली हो ती बाई."